अंग चोरलेलं अक्षर

सुप्रभा : …नाही हो अखिला, नाही. अहेत. अहेत म्हणजे काय, समोर बसून इडली खाताहेत… काय म्हणालात? बॉडी कधी आणणार? कोठून आणणार हो, ते स्नान करून आत्ताच बाहेर आलेत… नाही, मी रागावले नाही. तुमचा काय दोष? तो बॅनर… हो, आमचाच. वाढदिवसाचा अहे तो. आप्पांना ऐंशी पुरी झाली, शुक्रवारी शताभिषेक अहे. होम आणि जेवण. तुम्ही यायचंच… हो, रंगीत साडीच नेसून या. ठेवते.

विनुता : कोण अखिला?

सुप्रभा : माझ्या शाळेत सायन्स घेतात. सकाळपासून हा तिसरा फोन, विनु. पहिला दूधवाल्याचा. उद्यापासून दूध कमी करायचं का, म्हणून.

आप्पा : त्यानं नीट विचारिलं. अर्धा लिटर माझंच असतं.

सुप्रभा : आप्पा, तुम्ही चटणी घ्या. आणि विनु, तू आत्ताच्या आत्ता फ्लेक्सवाल्या मणीला फोन कर. बेगीन तो बॅनर उतरव म्हणावं.

विनुता : अक्का, मी काल रात्रीच्या गाडीने चेन्नैहून आलेय ते तो बॅनर बघायला. त्यात चूक काय झाली ते आधी सांग. वाढदिवसाचं निमंत्रण आहे असं स्पष्ट लिहिलंय.

सुप्रभा : कोठं लिहिलंय?

विनुता : खाली. सगळ्यात खालच्या ओळीत.

सुप्रभा : खाली म्हणजे नाक्यावर जेथं स्कूटरी लावतात तेथं. ती ओळ स्कूटरींनी वाचली असेल. माणसाला वर काय दिसतं? काळी जमीन. मधे आप्पांचा फोटो, तोही ब्लॅक अँड व्हाइट. फोटोखाली नाव. नावाखाली जन्मतारीख. बाई गं, तंजावुरात फोटोखाली जन्मतारीख कोणाची घालतात?

विनुता : वाढदिवसाला जन्मतारीख नाही घालायची तर कधी घालायची?

सुप्रभा : मेल्यावर! डाव्या हाताला जन्म, उजव्या हाताला मृत्यू. तू उजवी बाजू रिकामी ठेवलीस.

विनुता : ती मोकळी जागा आहे. डिझाइनला श्वास घ्यायला जागा लागते.

सुप्रभा : डिझाइन श्वास घेतंय, माणसाचा बंद केलास.

आप्पा : मघाशीं इस्त्रीवाला दारांत आला होता. मला बघून अंमळ दचकला. मग म्हणाला, बॅनरवर दुसरी तारीख घालायची राहिलीय. मी सांगिटलं, ती अजून मलाच कळविलेली नाहीं.

विनुता : आप्पा, तुम्हीसुद्धा?

आप्पा : मी काय केलं? त्यानं विचारिलं, मी सांगिटलं.

सुप्रभा : आणि मणी! तो सकाळी बॅनर बांधून वर आला, ते चपला दाराबाहेर काढून, मान खाली घालून. मी म्हटलं, कॉफी घे. तर म्हणाला, नको अक्का, आज ह्या घरात काही घेत नाही.

विनुता : त्याने तर स्वतः छापलाय! वाचलं नाही?

सुप्रभा : तो फाइल बघतो, माप बघतो. अक्षर बघून त्याला वाटलं, झालं. वर मला म्हणाला, तुमच्या बहिणीनं अक्षर अगदी बरोबर निवडलंय.

विनुता : बघ! अक्षराला तरी कोणी नाव ठेवलं नाही.

सुप्रभा : अय्यो, अक्षरानंच तर अस्का घोटाळा केला, सगळाच्या सगळा! काळं-पांढरं एक वेळ चाललं असतं. लोक म्हणाले असते, धाकटी चेन्नैला असते, तेथली फॅशन असेल. पण ती अक्षरं! ती कण्णीर अंजलीची अक्षरं अहेत.

विनुता : कसली?

सुप्रभा : विसरलीस? माणूस गेला की भिंतीवर पोस्टर चिकटवतात. वर मोठं ‘कण्णीर अंजली’, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याची ओंजळ. मधे फोटो, खाली रडणाऱ्यांची नावं. गेलं वर्षभर तंजावुरातलं तसलं प्रत्येक पोस्टर ह्याच अक्षरांत असतं. उंच, सडपातळ, जागोजागी कोपरे काढलेली. पोरासोरांना ठाऊक झालंय. अखिलाच्या वर्गात एका मुलीनं तक्ता करून आणला, झाड आपलं अन्न कसं तयार करतं त्याचा. मथळा ह्या अक्षरांत छापलेला. अस्की मुलं ओरडली, टीचर, झाड गेलं!

विनुता : हे शक्यच नाही. ओरम विकत घेतलेली माणसं मला नावानिशी ठाऊक आहेत. बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यात तंजावूरचं कोणी नाही.

सुप्रभा : विकत कोण घेतं गं? मणीच्या कॉम्प्युटरात अहे. मणीच्या मेव्हण्याच्या कॉम्प्युटरात अहे. पापनाशमला, कुंभकोणमला, जेथं म्हणून फ्लेक्स छापतात तेथं अहे. वाऱ्यानं तण पसरतं तसं.

विनुता : म्हणजे चोरलं.

सुप्रभा : ते तू मणीला विचार.

आप्पा : ओरम म्हणजे? तमिळमधलं ओरम? कडेला?

विनुता : हो, आप्पा. माझ्या अक्षराचं नाव आहे ते. तिरुवैयारुच्या टाउन बसमध्ये कंडक्टर ओरडतो ना, ओरम, ओरम, कडेला सरा. तेच नाव ठेवलं. अंग चोरून उभी राहतात ही अक्षरं. थोड्या जागेत खूप जण मावतात.

आप्पा : इतकीं वर्षं तूं हेंच करीत होतीस?

विनुता : हेच. तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

आप्पा : विचारिलं होतं. तूं म्हणालीस, टाइपफेस. मला वाटलं टायपिंग.

सुप्रभा : नातेवाइकांत आम्ही अजून टायपिंगच सांगतो. पुण्याहून आलीस तेव्हा मराठी धुऊन इस्त्री करून आणलीस, तेवढंच आम्हाला कळलं. बाकी काय शिकलीस ते कोणाला सांगता येत नाही.

आप्पा : पण अक्षरं तर होतींच, विनु. नवीं कशाला?

विनुता : होती, पण ती गोल. तमिळ अक्षर म्हणजे सगळा कारभार वेटोळ्यांचा. उंच करून दोन्ही बाजूंनी दाबायला जा, की वेटोळी एकमेकांत घुसतात. आता ते मूनु सुळी ‘ण’ घ्या.

आप्पा : तीन वेटोळ्यांचं.

विनुता : हां. आणि रेंडु सुळी ‘न’ दोन वेटोळ्यांचं. बोटभर रुंदीत ती वेटोळी बसवायची, आणि रस्त्याच्या पलीकडून बघणाऱ्याला तीन आहेत की दोन, ते कळलं पाहिजे. मी फार दिवस डोकं आपटलं. शेवटी गोलाई काढूनच टाकली. रेघ सरळ खाली येते, तिरपी वळते, परत वर जाते. जिथे वेटोळं होतं तिथे कोपरा. काळ्या रेघेकडे बघायचंच नाही. आतलं पांढरं सांभाळायचं.

आप्पा : आतलं पांढरं?

विनुता : अक्षराच्या पोटातली जागा. ती बुजली की अक्षर मेलं.

सुप्रभा : आज तो शब्द नको गं.

आप्पा : आणि हें कोणासाठीं केलंस?

विनुता : पापनाशमच्या एका कबड्डी संघासाठी. त्यांच्या जर्सीवर नावं मावत नव्हती. खेळाडूचं नाव गोपालकृष्णन, वर बापाची आणि गावाची दोन इनिशियल्स, आणि पाठ वीतभर. एकाचं नाव दोन्ही बाजूंनी काखेत जायचं. म्हणून सुरुवात केली. मग त्यातच अडकले. कबड्डी संपली, संघ मोडला, मी अजून ‘ण’चे कोपरे घासत होते.

सुप्रभा : आणि वापर कोठं झाला बघ. जर्सीवरून भिंतीवर.

विनुता : एका साडीच्या दुकानाशी बोलणं चाललंय. चेन्नैला. चार मजली पाटी उभी करायची आहे त्यांना, उभ्या जागेत.

सुप्रभा : साडीच्या दुकानावर? ही अक्षरं? लग्नाचा बस्ता काढायला आलेली बाई पाटी बघून उंबऱ्यावरून परत फिरेल.

विनुता : चेन्नैला कोणाला माहीत नाही.

सुप्रभा : मेव्हणे सगळीकडे असतात, विनु.

(फोन पुन्हा वाजतो. या वेळी आप्पा उचलतात.)

आप्पा : हलो… हां, वेंकटरावांचंच घर… नाहीं, मुलगा नव्हे, मला मुलगा कोठें अहे? मीच बोलतों… सुब्रमण्यम? अरे, तूंच का? रडूं नको… नाहीं, गेलों नाहीं… कोणी सांगिटलं?… तुझ्या मुलानं फोटो पाठविला. हां, बॅनरचा… नाहीं रे, आवाज माझाच अहे, दुसरा कोण काढील?… तिरुवैयारुहून निघालास सुद्धां? बसमध्यें अहेस?… हार घेतलास? कसला?… गुलाबाचा. दाट अहे?… मग टाकूं नको, घेऊन ये. वाढदिवसाला बी हार लागतोच… हूं… हूं… असं म्हणतोस?… बरं बोललास. तोंडावर कधीं बोलला नव्हतास… ये, ये. येथेंच जेव. ठेवतों.

सुप्रभा : पाहिलंस? तिरुवैयारुपर्यंत बातमी गेली. काय म्हणाले, आप्पा?

आप्पा : सबंध बसमध्यें रडत होता. म्हणाला, सगळ्या ऑफिसांत तुझ्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाहीं. मग म्हणाला, पण जिवंत असलास तर हें मनावर घेऊं नको.

सुप्रभा : हसू नकोस, विनु. त्यांचं हार्टचं ऑपरेशन झालंय. बसमध्ये काही झालं असतं म्हणजे? तू मणीला फोन करतेस की मी करू?

विनुता : कर. तूच कर. उतरवायला सांग. गुलाबी बॅनर करायला सांग, वर गणपती, दोन बाजूंना दोन मोर, आप्पांच्या डोक्यामागे फिरणारं चक्र. अक्षरं त्याच्याकडची कुठलीही घाल, फुगलेली, सोनेरी, सावली पडलेली. मी काही बोलणार नाही.

सुप्रभा : रुसायचं कारण नाही.

विनुता : मी रुसले नाही. तुला खरं सांगू? मला लोकांशी काही कर्तव्य नव्हतं. ते नाक्यावर थांबून वाचतील म्हणून मी तो बॅनर केलाच नव्हता. आप्पांनी एकदा बघावा, म्हणून केला. इतकी वर्षं मी काय करते ते त्यांना बोलून सांगता येत नव्हतं. वाटलं, त्यांचंच नाव, त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी, पुरुषभर उंच. तिथे उभे राहतील, वर बघतील, म्हणतील, हे माझ्या पोरीने काढलंय. एवढंच पाहिजे होतं मला. आणि मिळालं काय? दूधवाल्याचा फोन.

सुप्रभा : विनु, मला काय ठाऊक, तुझ्या मनात हे होतं.

विनुता : राहू दे. मी ते अक्षरच मागे घेते. साइटवरून काढून टाकते. साडीवाल्यांना नाही म्हणून कळवते. माणूस गेला की आठवणारं अक्षर कोणी विकत घेतं का?

सुप्रभा : काढून टाकलंस म्हणून भिंतीवरून जाणार अहे? मणी ते सोडणार नाही. त्याचं काय म्हणणं अहे ठाऊक अहे? हे अक्षर आल्यापासून गावातली भांडणं कमी झाली.

विनुता : कसली भांडणं?

सुप्रभा : पोस्टरवर कोणाकोणाची नावं घालायची, त्याची. आधीची अक्षरं रुंद. चार नावांत कागद भरायचा, बाकीचे ‘व कुटुंबीय’. राममूर्तीमामा गेले तेव्हा मधल्या जावयाचं नाव बसलं नाही, तर तो तेराव्याला येऊन न जेवता गेला. अजून बोलत नाहीत. आता तुझ्या अक्षरात मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडं, भाडेकरूसुद्धा मावतात. मणी म्हणतो, ह्या अक्षरात कोणी सुटत नाही.

विनुता : म्हणजे मी गर्दीसाठी अक्षर केलं, आणि गर्दी सापडली ती रडणाऱ्यांची.

सुप्रभा : कोणाच्या का असेना, उपयोगी पडलं ना?

विनुता : तू आत्ता माझी समजूत काढतेस की फोन करतेस?

सुप्रभा : दोन्ही. मणी फोन उचलत नाही.

आप्पा : विनु.

विनुता : काय, आप्पा?

आप्पा : मागें घेऊं नको. चांगलं अक्षर अहे तें.

विनुता : तुम्ही कुठे पाहिलंत? बॅनर तर आज सकाळी लागला, आणि तुम्ही अजून घराबाहेर पडला नाहीत.

आप्पा : बॅनर नाहीं पाहिला. भिंतीवर बघतों. रोज सकाळीं फिरायला जातों तेव्हां. तुझं अहे हें ठाऊक नव्हतं.

सुप्रभा : म्हणूनच फिरून आल्यावर आज कोण गेलं ते सांगत असता! मी म्हटलं, आप्पांना ह्या वयात हा कसला नाद लागला. अहो, मेलेल्यांची पोस्टरं कशाला वाचत उभं राहायचं?

आप्पा : दुसरं कांहीं वाचतां येत नाहीं.

सुप्रभा : म्हणजे?

आप्पा : म्हणजे हेंच.

सुप्रभा : रोज पेपर वाचता की. तास तासभर घेऊन बसता.

आप्पा : बसतों.

सुप्रभा : पानं उलटता.

आप्पा : तूं कॉफी घेऊन येतेस तेव्हां उलटतों.

विनुता : आप्पा, नीट सांगा. काय होतंय तुम्हाला?

आप्पा : कांहीं दुखत नाहीं. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू अहे. डोळा कडेकडेनं जातो. मधला तेवढा राहतो. दार किलकिलं करून रस्ता बघावा, तसं दिसतं. दुकानाची पाटी वाचायला गेलों तर पहिलीं दोन अक्षरं दिसतात, मग मान वळवावी लागते, तोंवर पहिलीं गेलीं. शेवटाला पोचतों तेव्हां सुरुवात काय होती तें आठवत नाहीं. पेपरचं तसंच. बारीक छापलेलं, लांब ओळी. एक ओळ संपवून दुसरी धरायला जातों तर तिसरी सांपडते.

सुप्रभा : तुम्ही डॉक्टरांकडे गेलात कधी? कोणाबरोबर?

आप्पा : सुब्रमण्यमबरोबर. थेंब दिलेत, घालतों.

सुप्रभा : ते थेंब! डोळे कोरडे पडतात म्हणून अहेत, असं मला सांगिटलं होतंत.

आप्पा : पडतात बी.

सुप्रभा : मी एका घरात राहते तुमच्याबरोबर. रोज ताट वाढते. मला एक शब्द नाही? सुब्रमण्यमला सांगता येतं, पोटच्या मुलीला सांगता येत नाही? आणि एकटे फिरायला जाता, त्या रस्त्यावर, त्या बसेस…

आप्पा : तूं फिरणं बंद केलं असतंस.

सुप्रभा : केलंच असतं!

आप्पा : म्हणूनु नाहीं सांगिटलं.

विनुता : अक्का, रडू नकोस. आप्पा, काय म्हणाले डॉक्टर? बरं होतं का हे?

आप्पा : गेलेलं येत नाहीं. राहिलेलं जितके दिवस धरून ठेवतां येईल तितके दिवस ठेवायचं. फट बारीक होत जाते. मला कळतं तें. पोंगलच्या वेळीं दारापुढलं रांगोळीचं कोलम सबंध दिसायचं, आत्तां अर्धं दिसतं.

सुप्रभा : ह्या सोमवारी मी येते तुमच्याबरोबर. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. त्रिचीला जाऊ.

आप्पा : सरी. जाऊं. पण मी विनुला कांहीं सांगत होतों. विनु, गेल्या साली मारुतीच्या देवळाशेजारीं भिंतीवर एक पोस्टर लागलं. मी नेहमीप्रमाणें पुढें निघालों होतों. वाचायचं सोडूनच दिलं होतं. आणि तें नाव एकदम आंत आलं. सबंध. मान न वळवतां. कोणी तरी बाई होती, पट्टुकोट्टैची, मला कांहीं ओळख नाहीं. पण मी तेथें उभा राहून तिचं नाव दोन-तीनदां वाचलं. मग तिच्या मुलांचीं वाचलीं. सुनांचीं. नातवंडांचीं. शेवटपर्यंत. मला इतकं बरं वाटलं, आणि लाज बी वाटली. लोक दुःखांत अहेत आणि मी खुशीनं वाचतोंय. मला वाटलं, हें ज्यानं काढलं त्याच्या घरांत कोणी माझ्यासारखा असेल. त्याचा विचार करूनच काढलं असेल.

विनुता : मी कबड्डीचा विचार केला होता, आप्पा.

आप्पा : तें आत्तां कळलं. चालतं. मला उपयोगी पडलं ना?

विनुता : मला वाटत होतं, तुम्हाला दाखवायचं राहिलं. तुम्ही माझ्या आधीपासून बघताय.

आप्पा : तुझ्या ‘ण’चीं तीन वेटोळीं मला नीट कळतात. कोपरे असले तरी. तीनच अहेत, मी मोजलीत.

विनुता : खरंच?

आप्पा : खोटं कशाला बोलूं? मला काय साडीचं दुकान काढायचं अहे?

सुप्रभा : हं… मणीनं उचलला. हलो, मणी? अक्का बोलते. ऐक, तो बॅनर… हो, अहेत. जिवंत अहेत रे! तू मघाशी दारात होतास तेव्हाही होते, आत केस विंचरत होते… वाढदिवस, हो. खाली लिहिलंय… हो, स्कूटरी, मला ठाऊक अहे… थांब जरा. आप्पा, काय सांगू ह्याला? उतरव म्हणू?

विनुता : उतरव म्हण. माझी हरकत नाही आता. मनापासून सांगते.

आप्पा : उतरव म्हणावं. तूं म्हणतेस तें बरोबर, सुप्रभा. सुब्रमण्यमसारखीं माणसं अहेत. लोकांना भिववून जेवायला बोलावूं नये. गणपती घाल, मोर घाल.

सुप्रभा : मणी, उतरव. आणि दुसरा कर, रंगीत… तुझ्या मनाप्रमाणं कर… फोटो तोच, पण रंगीत करून घे. आणि जन्मतारीख नको! काय?… त्या बॅनरचं काय करायचं विचारतोय. टाकून देऊ म्हणतो.

विनुता : घरी आणून दे म्हण. पलंगासमोरच्या भिंतीवर लावू. आप्पांना वाचता येईल.

सुप्रभा : घरात? तो? विनु, मी सगळं सोसलं, पण तेवढं नको. संध्याकाळी दिवा लावून मी वळले आणि समोर काळ्यावर आप्पा!

आप्पा : नको, नको. मलाही नको. त्यांत माझंच नाव अहे, आणि तें मला पाठ अहे. विनु, तूं दुसरं करून देशील?

विनुता : काय हवंय सांगा.

आप्पा : तुम्हां दोघींचीं नावं. त्याच अक्षरांत. एका खालीं एक. इतकीं नावं वाचलीं मी वर्षभर, अस्कीं गेलेल्यांचीं. घरांत दोन जितीं असूं देत.

सुप्रभा : …मणी, मी नंतर करते फोन. ठेव.

विनुता : करते, आप्पा. मराठीत करते. देवनागरीसुद्धा करायला घेतलीय मी ओरमची. अर्धी झालीय. तुम्हाला देवनागरी वाचता येते ना अजून?

आप्पा : येते. वडिलांनीं शिकविली होती, स्तोत्रांपुरती. पण अर्धी म्हणजे किती अर्धी?

विनुता : अडचणी आहेत. अक्षरं जवळ आणली की ‘र’ आणि ‘व’ एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा ‘ख’ होतो. ‘रवा दोसा’ लिहिलं की ‘खा दोसा’ वाचतात.

सुप्रभा : हॉटेलवाल्याला चालेल की.

विनुता : मला नाही चालत. शिवाय वरची रेघ आहे. ती सगळ्यांना एका दोरीला बांधते, अंग चोरू देत नाही. पण होईल. पुढच्या वर्षापर्यंत नक्की होईल.

आप्पा : आणि तमिळ?

विनुता : तमिळ तयारच आहे.

सुप्रभा : पण तमिळमध्ये मी सुप्रभा राहत नाही, आप्पा. ‘भ’ कोठं अहे त्यांच्याकडे? प, ब, भ, सगळ्यांना एकच अक्षर. शाळेच्या हजेरीत मी सुप्रपा अहे, घरातल्या भिंतीवर तरी माझं नाव धड असू दे. थांबू की वर्षभर. मराठीतच होऊ दे.

विनुता : अक्का म्हणते ते बरोबर आहे. वर्ष काय, बघता बघता जातं. देवनागरी झाली की पहिलं काम तुमचंच.

आप्पा : ‘भ’ कोठें वाचायचा तें मला ठाऊक अहे. तूं तमिळमध्येंच कर, विनु. संध्याकाळपर्यंत होईल?